पूलमधले रंगीत लाइट बदलायचेत? आधी वायरी मोजा, मग भाव विचारा

पाऊस ओसरला, चवथ झाली की शिवोली-आसगावपासून खाली पाळोळेपर्यंत ज्यांच्याकडे पूलवालं घर आहे त्यांची एकच घाई सुरू होते, पाहुणे यायच्या आत पूल तयार पाहिजे. पंप चालू होतो, पाणी निळं होतं, आणि संध्याकाळी लाइट लावून बघावेत तर चारातला एक बंद, एक नुसताच हिरवा आणि उरलेले दोन आपापल्या मनाने रंग बदलतायत. पूलवाल्याला फोन केला की तो म्हणतो पात्रांव, सगळेच बदलून टाकूया, सेट नवाच घ्या, आणि आपण लगेच विचारतो, एका लाइटचे किती?

हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न हा की तुमच्या पूलमध्ये रंग बदलतंय कोण, दिवा स्वतः बदलतोय की बाहेर पॅनलमध्ये बसलेला कंट्रोलर त्याला बदलायला लावतोय? ह्याचं उत्तर माहीत नसताना जो दिवा घ्याल तो एकतर पेटणार नाही, पेटला तर रंग बदलणार नाही, आणि बदललाच तर बाकीच्यांबरोबर बदलणार नाही, आणि मग ५ हजारांच्या दिव्यापायी ४० हजारांचा सेट गळ्यात पडतो. खर्च वाढतो तो बहुतेक इथूनच, दिव्याच्या भावामुळे नाही. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय, वाचा आणि मग बाजारात जा.

आधी बघा, खरंच बदलायचाय का

लाइट मंद झाला म्हणजे गेला असं नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत पूल बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर भरतात, त्या पाण्याचा पांढरा थर काचेवर चढतो, कुठे लोहाचा तांबूस डाग पण असतो, आणि वरून शेवाळाचा पातळ पापुद्रा. दिवा आत पूर्ण ताकदीने जळत असतो आणि आपल्याला वाटतं गेला. पाण्यात उतरून काच मऊ स्पंजने घासा, थर जात नसेल तर दिवा काठावर काढून साध्या व्हिनेगरने पुसा, तारेची घासणी अजिबात नको, प्लास्टिकच्या काचेवर तिचे ओरखडे कायमचे राहतात.

एकच रंग गायब असेल, समजा लाल येतच नाहीये आणि जांभळ्याच्या जागी निळाच दिसतोय, तर दिवा दोषी का कंट्रोलर दोषी हे शोधायची एक फुकटची युक्ती आहे, पण ती फक्त चार वायरींच्या दिव्याला चालते (ही जात कुठली ते खाली सांगतोय). मेन बंद करून कंट्रोलरवरची लाल आणि हिरव्याची वायर एकमेकांच्या जागी लावा आणि परत चालू करा. आता हिरवा मागितल्यावर दिवा लाल झाला म्हणजे दिव्यातला लाल ठणठणीत आहे, कंट्रोलरचा लाल चॅनेल गेलाय, म्हणजे खर्च फक्त कंट्रोलरचा. वायरी बदलून पण लाल येतच नसेल तर दिव्यात किंवा मधल्या केबलमध्ये गडबड. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पूलवाला ते करून न दाखवता सेट बदला म्हणत असेल तर त्याला सांगा आधी हे करून दाखव.

सगळेच दिवे एकदम बंद असतील तर दिव्यांकडे बघूच नका, चार दिवे एका रात्रीत सहसा मरत नाहीत. ट्रान्सफॉर्मर, एमसीबी किंवा जंक्शन बॉक्समधला (केबली जोडायच्या डब्यातला) गंजलेला जॉइंट, ह्या तिघांपैकी कोणीतरी असतं. ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला मीटर लावून १२ व्होल्टच्या, २४ चा दिवा असेल तर २४ च्या, आसपास येतंय का बघायचं, एसी दिव्याला मीटर एसीवर ठेवून आणि डीसीला डीसीवर. समुद्राकडच्या बाजूला, कांदोळी, मोरजी, केळशी वगैरे, खाऱ्या हवेने पितळी टर्मिनल हिरवे पडतात, ते साफ करून घट्ट केले तरी कितीतरी दिवे परत जिवंत होतात.

आणि काचेच्या आत पाण्याची आडवी रेघ दिसत असेल, दिवा हलवला की ती रेघ पण हलत असेल, तर मात्र चर्चा संपली. तो दिवा वाळवून, सीलंट मारून परत लावायच्या भानगडीत पडू नका, आतली पट्टी एकदा गंजायला लागली की थांबत नाही.

आता वायरी मोजा

दिव्याची केबल जिथे वर जंक्शन बॉक्समध्ये येते तिथे, मेन बंद करून, झाकण उघडा आणि आत किती कोर, म्हणजे वेगवेगळ्या वायरी, आहेत ते मोजा आणि मोबाइलवर फोटो काढा. दिव्याच्या मागचं किंवा ट्रान्सफॉर्मरवरचं लेबल दिसत असेल तर त्याचा पण फोटो, व्होल्ट, वॅट, एसी का डीसी. हे फोटो म्हणजे तुमचं निम्मं काम झालं.

दोनच कोर असतील तर दिव्याच्या आतच रंग बदलणारं सर्किट आहे. ह्यात दोन जाती. पहिली, स्विच बंद-चालू केला की पुढचा रंग येतो, दुसरा काहीच कंट्रोलर नाही. परदेशी ब्रँडमध्ये पेंटेअरचा इंटेलिब्राइट, हेवर्डचा कलरलॉजिक हे ह्या पद्धतीने चालतात, आणि बाजारातले कितीतरी स्वस्त दिवे पण. दुसरी जात, दोनच वायरी पण मध्ये एक कंट्रोलर बसलेला असतो जो त्याच दोन वायरींवरून पॉवरबरोबर इशारा पण पाठवतो, रिमोट दाबला की सगळे दिवे एका वेळी बदलतात. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाच्या जागी दुसरा बसवला तर जुळत नाही, आणि दुसऱ्या जातीत तर एका कंपनीचा इशारा दुसऱ्या कंपनीच्या दिव्याला कळतच नाही.

चार कोर म्हणजे एक कॉमन (तिन्ही रंगांची सामाईक वायर) आणि लाल, हिरवा, निळा असे तीन. इथे दिवा बिचारा काही ठरवत नाही, सगळं डोकं बाहेरच्या कंट्रोलरमध्ये. पाच कोर असतील तर त्यात पांढरा वेगळा दिलेला असतो. ही पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण दिवा कुठल्याही कंपनीचा घ्या, व्होल्टेज आणि कॉमन (प्लस का मायनस) जुळला की चालतो, आणि कंट्रोलर बिघडला तर पाण्यात उतरायची गरज नाही. फक्त हे दिवे डीसीवर चालतात, १२ किंवा २४ व्होल्ट, त्यांना जुना एसी ट्रान्सफॉर्मर सरळ जोडला तर दिवा गेलाच समजा.

ह्याच्या वर डीएमएक्स नावाचा प्रकार आहे, जो स्टेजच्या लाइटिंगला वापरतात, त्यात डेटाच्या वायरी वेगळ्या येतात आणि प्रत्येक दिव्याला स्वतःचा नंबर देता येतो, म्हणजे रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळवता येतो. मोठ्या हॉटेलला ठीक आहे, घरच्या चार दिव्यांच्या पूलला त्याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत.

खर्च कितीचा पकडायचा

हे आकडे अंदाजाचे आहेत, दुकान, ब्रँड आणि सीझनप्रमाणे वरखाली होणार, पण कोणी फारच वेगळा आकडा सांगितला तर तुम्हाला का म्हणून विचारता येईल एवढ्यासाठी देतोय.

बिनब्रँडचा १२ व्होल्टचा आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, दिवा, १८ ते २५ वॅटचा, साधारण २,५०० ते ६,००० ला मिळतो. नावाजलेल्या ब्रँडचा १०,००० पासून ३०,००० पर्यंत पण जातो. चार वायरींचा रिमोटवाला कंट्रोलर १,५०० ते ५,०००, वायफायवाला जरा वर. दोन वायरींवर इशारा पाठवणारा कंट्रोलर त्याच कंपनीचा घ्यावा लागत असल्याने ते मागतील तो भाव. चांगला ट्रान्सफॉर्मर २,००० ते ४,०००. मजुरी दिव्यामागे ५०० पासून १,५०० पर्यंत, आणि पूलवाला म्हापशाहून काणकोणला येणार असेल तर जाण्यायेण्याचे वेगळे, ते आधीच बोलून घ्या.

उदाहरण धरू, दोन दिवे आणि आहे त्याच पद्धतीचे परत बसवायचेत. स्वस्तातले ३,५०० चे दोन म्हणजे ७,०००, ट्रान्सफॉर्मर २,५००, मजुरी २,५००, ग्लँड-गॅस्केट-जॉइंट (पाणी अडवणारे रबर आणि जोडणी) ५००, झाले १२,५००. तेच ब्रँडेड १५,००० चे दोन म्हणजे ३०,०००, ट्रान्सफॉर्मर ४,०००, कंट्रोलर ८,०००, तो बसवण्यासकट मजुरी ४,०००, झाले ४६,०००, आणि ह्याच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा असेल तर ५४,२८०. म्हणून कोटेशन घेताना पहिलं वाक्य हेच, जीएसटी धरून सांगा.

आता ह्यात खरा फटका कुठे बसतो ते ऐका. जुन्या घरात दोन कोरची केबल आहे आणि कोणीतरी चार कोरचा दिवा स्वस्त मिळतोय म्हणून घ्यायला लावला, तर नवी केबल पाइपमधून ओढावी लागते. पाइप मोकळा असेल तर जुन्या केबलला नवी बांधून ओढून घेता येते, तासाभराचं काम. पण तो पाइप कुठे दबलेला असेल, किंवा बांधताना गवंड्याने काटकोनात वळवलेला असेल, तर केबल अडकते, मग काठाच्या टाइल्स फोडा, खालचा चिऱ्याचा दगड कापा, पाइप बदला, परत वॉटरप्रूफिंग करा, आणि त्याच रंगाची टाइल आता मिळत नाही म्हणून अख्खा काठ बदला. दिव्यापेक्षा कितीतरी पट पैसे ह्याच्यात जातात. दोन कोरची केबल असेल तर दोन कोरवर चालणाराच दिवा घ्या, विषय संपला.

स्वस्त घ्यावा का महाग? पेटीवर ५०,००० तास लिहिलेलं असतं, रोज ५ तास लावला तर हिशेबाने २७ वर्षं होतात, आणि एवढा चाललेला दिवा कोणी बघितलाय? कारण जाते ती एलईडी नाही, जातं ते सील आणि आतलं सर्किट. म्हणून तास विचारू नका, हे विचारा की आतमध्ये रेझिन भरलेलं आहे का. अख्खा रेझिनने भरलेला दिवा असेल तर आत पाणी शिरायला जागाच राहत नाही, नुसत्या रबरी रिंगवर अवलंबून असलेल्या दिव्यापेक्षा तो आपल्या हवेत जास्त टिकतो, मग ब्रँड मोठा असो नसो. दुसरं, पूलला सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं मशीन) असेल तर स्टीलची रिंग ३०४ ग्रेडची नको, ३१६ एल घ्या नाहीतर सरळ प्लास्टिक बॉडी घ्या, गंजाची कटकटच नाही. तिसरं, आयपी ६८, म्हणजे पाण्याखाली राहायला बनवलेला, असं लिहिलेलं पाहिजे आणि किती खोलीपर्यंत ते पण.

हॅलोजनवरून येताय त्यांच्यासाठी एक हिशेब. जुना पार ५६ हॅलोजन (पूलमधला मोठा गोल बल्ब) ३०० वॅटचा असतो, दोन दिवे रोज ५ तास म्हणजे ३ युनिट, महिन्याला ९०. तेच २५ वॅटचे दोन एलईडी महिन्याला साडेसात युनिट. तुमच्या बिलावर जो दर आहे त्याने गुणा म्हणजे किती महिन्यांत पैसे निघतात ते तुम्हालाच दिसेल, आणि घर जर कमर्शियल मीटरवर असेल तर अजून लवकर.

ट्रान्सफॉर्मर आणि केबल, इथे कंजुषी नको

पूलच्या आत २३० व्होल्टचा दिवा नको म्हणजे नको. बाजारात मिळतो, स्वस्त पण असतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो म्हणून लोक मोहात पडतात. आयईसी ६०३६४ ह्या आंतरराष्ट्रीय विजेच्या मानकाच्या ७०२ भागात पूलच्या विजेचे नियम आहेत, त्यात माणसं पोहतात त्या पाण्यात १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी ह्याच्या वर जायची मुभा नाही, आणि ट्रान्सफॉर्मर पण सेफ्टी आयसोलेटिंग जातीचा लागतो, म्हणजे आतमध्ये २३० ची आणि १२ ची गुंडाळी एकमेकांपासून पूर्ण वेगळी. तो पूलच्या कडेपासून साडेतीन मीटरच्या बाहेर ठेवा, पंपरूममध्ये उंचावर, जमिनीवर नाही, जूनमध्ये कितीतरी पंपरूममध्ये घोटाभर पाणी साचतं. त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच तोडणारा स्विच) पाहिजेच, आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतोय का बघायचं. पाहुण्यांची पोरं त्या पाण्यात असतात, ह्याच्यात तडजोड करायचीच नाही.

हॅलोजनचा जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर एलईडीला वापरू नका. त्याला चालायला ठरावीक लोड लागतो, एलईडी तेवढा देत नाही, मग दिवे लुकलुकतात आणि लोक म्हणतात दिवा खराब निघाला. तांब्याच्या गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याच्या ताकदीच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंतच भरा, चार दिवे २५ वॅटचे असतील तर १५० व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरची ताकद व्हीएमध्ये लिहितात).

केबलचा हिशेब पण बघून ठेवा. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण साडेसात ओहम असतो. पंपरूम २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.३ ओहम. २५ वॅटचा एलईडी २ अँपिअर खातो, वाटेत ०.६ व्होल्ट पडतात, चालेल. पण त्याच एका वायरीवर चार दिवे चढवले तर अडीच व्होल्टच्या आसपास पडतात, मग लांबचा दिवा मंद, पांढरा पिवळट दिसतो, आणि रंगांचं सर्किट मध्येच रिसेट होऊन तो बाकीच्यांच्या मागे-पुढे पळायला लागतो. रंग जुळत नाहीत म्हणून तक्रार आली की मी आधी लांबच्या दिव्यावर व्होल्ट किती पोचतायत ते बघतो. उपाय सोपा, प्रत्येक दिव्याची केबल वेगळी ट्रान्सफॉर्मरपर्यंत न्या.

बदलायचं कसं, पूल रिकामा न करता

पहिली गोष्ट, दिव्यासाठी पूल रिकामा करायचा नसतो. ८ बाय ४ मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे जवळजवळ ४५,००० लिटर पाणी, १० हजारचे चार-पाच टँकर, आणि मे महिन्यात टँकर मिळाला तर नशीब. पावसाळ्यात तर रिकामा करूच नका, जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं, ते रिकाम्या पूलला खालून ढकलतं आणि तळाला तडे जातात, कधी फायबरचा पूल अख्खा वर उचलला जातो. कोणी पाणी काढावं लागेल म्हणाला तर कारण विचारा, दिवा बदलायला ते कारण नाही.

मेन एमसीबी बंद, त्याच्यावर चिकटपट्टी लावा म्हणजे दुसरा कोणी येऊन चालू करणार नाही, आणि टेस्टरने खात्री करा. मग पाण्यात उतरून दिव्याच्या रिंगचा वरचा स्क्रू सोडवा. बहुतेक दिव्यांना वर एक स्क्रू आणि खाली अडकवायची पट्टी असते, भिंतीला चपट्या बसणाऱ्या दिव्यांना दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. स्क्रू निसटला तर तळाला जातो आणि मग मेन ड्रेनच्या जाळीपाशी शोधत बसायचं, म्हणून स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटवाला असला तरी एक हात खाली धरा, स्टेनलेसचे स्क्रू मॅग्नेटला नीट चिकटत नाहीत.

दिवा बाहेर ओढला की त्याच्या मागे भिंतीतल्या डब्यात केबल गुंडाळून ठेवलेली दिसेल, ती सोडवत दिवा वर काठावर आणता येतो. त्या डब्यात पाणी असतंच, ते लीकेज नाही, तो तसाच बनवलेला आहे, पाणी दिव्याला थंड ठेवतं. हात घातला की बुळबुळीत शेवाळ लागतं, कधी एखादं बेडकाचं पिल्लू पण निघतं, एकदा धुवून घ्या. बघायचं ते हे की केबल जिथे दिव्यात शिरते तिथला ग्लँड कडक झालाय का, केबल वाकवली की वरचं आवरण तडकतंय का. तडकत असेल तर नवा दिवा जुन्या केबलला जोडायचा विचारच सोडा.

जुन्या पद्धतीच्या पार ५६ मध्ये बल्ब मागच्या दोन स्क्रूंना लावलेला असतो, तिथे फक्त बल्ब बदलायचा, पण गॅस्केट नवंच टाका, जुनं चपटं झालेलं परत बसवलं तर महिन्याभरात आत पाणी. रेझिनवाल्या दिव्याला केबल त्याच्यातच बसवलेली येते, ती वर जंक्शन बॉक्सपर्यंत अखंड न्यायची आणि जॉइंट तिथेच, पाण्याच्या पातळीच्या वर. घेताना केबल किती मीटरची ते विचारा, बऱ्याच स्वस्त दिव्यांना दीड-दोन मीटरच देतात आणि मग माणसं भिंतीतल्या डब्यातच टेप गुंडाळून एम-सील लावतात. तो जॉइंट नव्हे, त्याच्यातून पाणी वायरीच्या आतल्या आत चढत दिव्यात जातं आणि दिव्याला दोष लागतो. लांब केबलवाला दिवा हजार-दीड हजार जास्त देऊन घ्या.

बसवायच्या आधी काठावर एकदा पेटवून बघा, पण काही सेकंदच, हे दिवे पाण्याच्या थंडाव्यावर चालतात, बाहेर चालू ठेवला तर तापून जातो. मग केबल परत गुंडाळा, दीड मीटर तरी जादा ठेवा म्हणजे पुढच्या वेळी काठापर्यंत येईल, आणि स्क्रू लावा.

हल्ली एक अजून गोष्ट बघतो, बाहेरून येताना सामानात कोणी अमेरिकेतला दिवा घेऊन येतं. तिथे १२ व्होल्टचा पण असतो आणि १२० व्होल्टचा पण. १२० वाला आपल्या २३० वर लावला तर पहिल्याच क्षणी संपला, आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचा म्हटलं तरी पाण्यात १२० व्होल्ट आलेच. तो लावू नका, कितीही भारी असला तरी.

रंगाचा कंट्रोल, आणि लाइट जाते तेव्हा

स्विचवर रंग बदलणाऱ्या दिव्यांचा आपल्याकडचा मोठा त्रास म्हणजे वीज दोन सेकंद गेली आणि आली की दिव्याला वाटतं कोणीतरी स्विच दाबला, लगेच पुढचा रंग. पावसात संध्याकाळी दहा वेळा लाइट झपझप करते, आणि शांत निळा लावून ठेवलेला पूल डिस्को होतो. त्यातच एखाद्या दिव्याने एक झटका चुकवला की तो बाकीच्यांपेक्षा एक रंग मागे पडतो. त्यावर उपाय, ट्रान्सफॉर्मरच्या आधी एक ऑन-डिले टायमर बसवा, जो वीज आल्यावर मिनिटभर थांबून मगच दिव्यांना देतो. एवढा वेळ बंद राहिला की बरेच दिवे शेवटचा रंग लक्षात ठेवून तिथूनच सुरू होतात. पॅनलमध्ये बसणारा टायमर हजार-दोन हजारात येतो. एक रंग मागे पडलेल्यांना परत एका रांगेत आणायची प्रत्येक कंपनीची ठरावीक पद्धत असते, किती वेळा बंद-चालू आणि किती सेकंद, ती मॅन्युअलमध्ये असते, ते पान लॅमिनेट करून पॅनलच्या दारावर आतून चिकटवा, केअरटेकर बदलतात, पान राहतं.

रोज ठरल्या वेळी लागावेत म्हणून टायमर घेणार असाल तर बॅटरी बॅकअपवाला डिजिटलच घ्या. गोल चकतीवाला वीज गेली की थांबतो, चार दिवसांत तुमचे सातचे लाइट नऊला लागायला लागतात.

मोबाइलवरून कंट्रोल पाहिजे असेल तर वायफायचा सिग्नल पाण्यात शिरत नाही हे धरून चला. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच मरते, म्हणून आतमध्ये रिसीव्हर असलेला दिवा रिमोटला कधी ऐकतो कधी नाही. रिसीव्हर वर, पाण्याबाहेर पाहिजे, आणि लोखंडी पॅनलच्या आत नाही. चिऱ्याच्या जाड भिंतीआड पंपरूम असेल तर तिथपर्यंत नेट पोचतंय का ते कंट्रोलर घ्यायच्या आधी मोबाइल घेऊन उभं राहून बघा. बहुतेक कंट्रोलर २.४ वरच चालतात, राउटर ५ वर ठेवला असेल तर सापडत नाहीत. आणि राउटर बदललात तर वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, कंट्रोलर आपोआप जोडला जातो, परत सेटिंगची कटकट नाही.

भाड्याच्या घराला माझा सल्ला, पाहुण्यांना रिमोट द्या पण मोबाइल ॲप नको, आणि रिमोट जादा एक आणून ठेवा, पाण्यात पडतोच. हरवला की त्याच कोडचा दुसरा मिळेलच असं नाही, मग अख्खा कंट्रोलर बदलावा लागतो.

रंग निवडताना टाइल बघा. निळ्या टाइलवर लाल मळकट दिसतो, हिरव्या दगडाच्या किंवा काळ्या तळाच्या पूलला फिक्या टाइलपेक्षा जास्त वॅट लागतात. आरजीबीचा पांढरा हा तीन रंग मिसळून केलेला असतो, त्याला निळसर झाक येते, जेवणाचं टेबल पूलकाठी असेल तर पांढरा वेगळा असलेलाच दिवा घ्या. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी पांढऱ्या-निळ्या लाइटवर तुटून पडते आणि सकाळी स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढणारी जाळी) गच्च भरलेला असतो, त्या दिवसांत पिवळसर-तांबडा ठेवा किंवा सरळ लवकर बंद करा.

एक दिवा गेला आणि बाकीचे जुने चालू आहेत अशा वेळी तोच मॉडेल मिळाला तर एकच बदला. मॉडेल बंद झाला असेल आणि पद्धत दोन वायरींची असेल, तर मात्र सगळे एकदम बदलणंच स्वस्त पडतं, तिथे पूलवाला खरं बोलतोय. काढलेल्यांतला चांगला चाललेला फेकू नका, जकूझीला किंवा कारंज्याला एकटा लावता येतो. नवे घेताना एक दिवा जादा घ्या, त्याच बॅचचा, दोन वर्षांनी तोच मॉडेल बाजारात असेल ह्याची खात्री नसते, आणि ऑर्डर सप्टेंबरच्या आधी टाका, ऑक्टोबरमध्ये सगळ्या गोव्याला एकदमच पूलवाला पाहिजे असतो. बिलावर मॉडेल नंबर, वॉरंटी आणि बसवल्याची तारीख लिहून घ्या, पाणी शिरलं तर वॉरंटीत धरणार का ते पण त्याच बिलावर.